ब्रेकचा लाल दिवा विझत नाही? गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

हँडब्रेक खाली केलाय, गाडी सुरू आहे आणि मीटरमधला लाल दिवा तसाच जळतोय. चिपळूणहून कऱ्हाडकडे जाताना कुंभार्ली घाट लागतो, आणि तो चढायच्या आधी किंवा उतरून आल्यावर हीच तक्रार घेऊन आमच्या गॅरेजमध्ये गाड्या येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, "थोडं ब्रेक ऑइल टाका, विझेल." दिवा विझेलही. पण ऑइल कमी का झालं, हे कळल्याशिवाय ती गाडी घाटात न्यायची नाही, एवढ्यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा यांच्या रोजच्या वापरातल्या गाड्या डोळ्यांसमोर आहेत. नव्या गाड्यांत जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

नक्की कोणत्या दिव्याबद्दल बोलतोय आपण?

लाल गोल, त्यात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस. काही गाड्यांत उद्गारचिन्हाऐवजी किंवा त्याच्या सोबत इंग्रजी पी अक्षर असतं. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक आणि ऑइलची पातळी या दोन्हींसाठी हा एकच दिवा असतो, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

घोड्याच्या नालेसारख्या आकारात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा टायरच्या हवेचा. तो ब्रेकचा समजून घाबरून आलेले लोक आम्ही पाहिले आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचा दिवा हवेचा समजून पंपावर थांबून पुढे निघालेलेही. पिवळ्या रंगात एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) अशी अक्षरं दिसली तर तो वेगळा विषय, पुढे येईल.

चावी ऑन केल्यावर हा लाल दिवा लागायलाच हवा. बल्ब आणि सर्किट ठीक आहे, हे गाडी तेव्हा दाखवते. इंजिन सुरू झालं, हँडब्रेक सोडला की तो विझला पाहिजे.

दिवा लागलाय. गाडी चालवू की नको?

आधी सपाट, सुरक्षित जागी कडेला घ्या, पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर) लावा आणि इंजिन सुरू ठेवून पेडल दाबून बघा. दाब रोजच्या उंचीवर लागतोय का? आता पाय घट्ट दाबून पंधरा-वीस सेकंद तसाच धरा. पेडल एका जागी टिकलं तर ऑइलच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक बाजू निदान या क्षणी दाब धरून आहे. पायाखालून हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे आतले सील गेले आहेत. पेडल मऊ, स्पंजसारखं लागलं तर लाइनमध्ये हवा शिरली आहे.

पेडल खाली जातंय किंवा मऊ आहे, तर गाडी तिथेच ठेवा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" हा हिशेब इथे करू नका. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात. पुढचं चाक ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत त्या तिरक्या जोडलेल्या असतात, म्हणजे पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं एका लाइनवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक लाइन गेली तरी गाडी थांबते, पण पेडल खूप खाली जातं आणि थांबायला अंतर बरंच जास्त लागतं. ही सोय जीव वाचवण्यासाठी आहे, घरी पोचण्यासाठी नाही.

पेडल नेहमीसारखं आहे, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीत ऑइल खालच्या खुणेच्या वर आहे आणि चाकातून करपल्यासारखा वास येत नाही, तर हळू, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. घाट मात्र नाही.

ब्रेक गेलेली गाडी दोरीने ओढून नेऊ नका. ओढल्या जाणाऱ्या गाडीलाच थांबायला ब्रेक लागतो, आणि इंजिन बंद असल्यामुळे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदतही नसते. फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, बाकी कुठेही अडचण गंभीर असेल तर ११२.

हँडब्रेक पूर्ण खाली आहे. तरीही दिवा का?

आधी एकदा पूर्ण वर ओढून, बटण दाबून, जोर लावून खाली टेकवा. लिव्हरखाली एक छोटा स्विच असतो आणि लिव्हर अगदी खाली बसल्यावरच तो दाबला जातो. लिव्हरच्या फटीत नाणं, चॉकलेटचा कागद, मुलांच्या खेळण्याचा तुकडा अडकला की तो शेवटचा अर्धा इंच बसत नाही. कव्हर वर करून टॉर्च मारून बघा.

तिथे काही नसेल तर स्विच तपासायचा. बऱ्याच गाड्यांत त्याला एकच वायर असते. ती काढल्यावर दिवा विझला तर दोष स्विचचा किंवा त्याच्या सेटिंगचा. स्वस्तातलं काम आहे. वायर काढल्यावरही दिवा तसाच राहिला तर बॉनेट उघडायचं.

पण लिव्हर खाली असूनही केबल सुटली नसेल, तर प्रकरण स्विचपुरतं नाही. कोकणात केबल आतून गंजून अडकते, हे नेहमीचंच. मागचे ब्रेक शू चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासत राहतात, गाडी जड चालते, मायलेज पडतं आणि थोडं चालवल्यावर मागच्या चाकाजवळून करपल्याचा वास येतो. ड्रमला किंवा रिमला हात लावू नका, जवळ नेला तरी धग कळते. दोन्ही बाजूंची धग सारखी नसेल तर जास्त तापलेलं चाक जॅम आहे.

ऑइल कमी होतं. टाकलं की दिवा विझतो. मग झालं ना काम?

नाही. या सगळ्या पानातलं महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ही बंद लाइन आहे. पातळी खाली गेली तर दोनच शक्यता: पॅड झिजले आहेत किंवा ऑइल बाहेर जातंय.

पॅड झिजतात तसा, ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकत जातो आणि त्याच्या मागे तयार झालेली जागा ऑइल भरून काढतं. त्यामुळे टाकीतली पातळी महिनोनमहिने अगदी सावकाश उतरते. ही गळती नव्हे, पण संदेश आहेच: पॅड संपत आलेत. अशा वेळी वरून ऑइल टाकलं की गाडीने दिलेली सूचना आपणच पुसून टाकतो. नंतर नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि जास्तीचं ऑइल टाकीतून वर येऊन बॉनेटखाली सांडतं. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

म्हणून पातळी खाली दिसली की आधी पुढची चाकं काढून पॅड मोजायचे. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर पॅड बदला, पिस्टन मागे गेल्यावर पातळी बहुतेक आपोआप वर येते. पॅड जाड आहेत आणि तरी ऑइल कमी, तर गळती आहेच. आठवड्याभरात पातळी खुणेखाली गेली असेल तर पॅडकडे बोट दाखवायला जागाच उरत नाही.

बाटली डिकीत ठेवून दर पंधरवड्याला टाकत राहणारे लोक असतात. त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, ही गाडी घेऊन घाटात जाऊ नका. सील आज थेंब थेंब सोडतंय, जोरात ब्रेक मारायची वेळ येईल तेव्हा त्याच सीलवर सगळ्यात जास्त दाब पडणार आहे.

गळती कुठे बघायची? खाली जमिनीवर तर काही दिसत नाही.

चाकांपासून सुरुवात करा. प्रत्येक टायरची आतली बाजू टॉर्चने बघा. ओला, काळसर ओघळ दिसला तर मागे ड्रममधला व्हील सिलिंडर गळतोय, पुढे कॅलिपरचं सील. ड्रम असलेल्या गाडीत ऑइल आत शूवरच्या लायनरवर पसरतं, मग ते चाक ब्रेक धरत नाही किंवा एकदम धरतं. ऑइल प्यायलेले लायनर घासून, धुऊन परत बसवायचे नसतात. दोन्ही बाजूंचे बदलायचे.

मग चाकाजवळचे रबरी होज. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून होज वाकवून बघा, भेगा अशा वेळीच दिसतात. गाडीखालचे लोखंडी पाइप समुद्राच्या हवेत गंजतात, विशेषतः क्लिपखाली, जिथे चिखल साचून राहतो.

इथपर्यंत सगळं कोरडं असेल तर दोन जागा उरतात आणि नेमक्या त्याच दोन जागा नजरेतून सुटतात. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात उतरतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. सिलिंडर बूस्टरला जिथे जोडलाय त्या सांध्याखाली ओल किंवा रंग सोललेला दिसला तर संशय पक्का. दुसरी जागा क्लचची. हायड्रॉलिक क्लच असलेल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचला टाकी एकच असते. क्लचचा सिलिंडर गळतो आणि दिवा ब्रेकचा लागतो. क्लचच्या पेडलखालचं मॅटिंग उचलून बघा, पेडलच्या दांड्यावर ओल असेल तर चोर सापडला. गिअर टाकताना कट्कट् होऊ लागली असेल तर गिअरबॉक्सकडचा सिलिंडरही बघून घ्या.

जमिनीवर थेंब दिसला आणि तो कशाचा ते कळत नसेल, तर बोटावर घेऊन पाण्याच्या वाटीत टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल वर तवंग धरून राहतं. डाव्या सीटच्या बाजूला पडणारं स्वच्छ पाणी बहुतेक वेळा एसीचं असतं. बोटं लगेच धुवा.

टाकी काठोकाठ आहे, हँडब्रेकचा स्विच ठीक आहे. तरी दिवा लागतो.

मग टाकीतला फ्लोट बघा. आत एक तरंगणारा तुकडा असतो, पातळी उतरली की तो खाली येऊन स्विच लावतो. ऑइल वर्षानुवर्षं बदललं नसेल तर तळाशी गाळ बसतो आणि फ्लोट त्यात चिकटतो. काही फ्लोट स्वतःच ऑइल पिऊन जड होतात आणि बुडतात. टाकीला बोटाने हलकेच टिचकी मारल्यावर दिवा विझला तर फ्लोट अडकत होता.

टाकीजवळचा वायरचा कपलर काढून बघता येतो. साध्या वायरिंगच्या गाडीत कपलर काढल्यावर दिवा विझला तर दोष टाकीच्या बाजूला. काही नव्या गाड्यांत मात्र कपलर काढला म्हणूनच दिवा लागतो, तिथे ही परीक्षा चालत नाही. आणि दिवा त्रास देतो म्हणून कपलर काढून ठेवायचा, हे कधीही करू नका. ज्या दिवशी खरंच ऑइल जाईल, त्या दिवशी सांगायला कोणी नसेल.

उंदीरही विसरू नका. पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या वायर कुरतडलेल्या निघतात आणि उघडी तार बॉडीला टेकली की दिवा पेटतो.

फक्त वळणावर किंवा उतारावरच दिवा लागतो आणि विझतो.

ऑइल खालच्या खुणेच्या अगदी जवळ आहे. गाडी झुकली की ते एका बाजूला सरकतं आणि फ्लोट क्षणभर खाली येतो. घाटातल्या नागमोडी रस्त्यावर हे पहिल्यांदा लक्षात येतं. सपाट जागी, इंजिन बंद करून पातळी बघा आणि वरचं ऑइलचं उत्तर पुन्हा वाचा.

लाल दिव्यासोबत पिवळा एबीएसही लागलाय.

एकटा पिवळा दिवा असेल तर एबीएस बंद आहे, साधे ब्रेक चालू आहेत. जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ शकतात, एवढं ध्यानात ठेवून गॅरेजला जा.

दोन्ही एकत्र लागले तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ असा, की पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडली आहे. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. जोर वाटून देणारं कोणी नसेल तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीचा मागचा भाग फिरतो, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. म्हणून दोन दिवे एकत्र ही बाब एका दिव्यापेक्षा गंभीर धरा. अर्थात, ऑइल आधी तपासाच.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे ही तक्रार आता छोट्या गाड्यांतही येते. कारण बहुधा चाकाजवळचा स्पीड सेन्सर असतो: चिखल, तुटलेली वायर, गंजलेला कपलर. चाकाचं बेअरिंग नुकतंच बदललं असेल आणि तेव्हापासून दिवा लागत असेल तर बेअरिंग उलटं बसलंय का ते विचारा. अनेक बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकीय कडं असतं, ते सेन्सरकडे यायला हवं. उलट बसलं तरी चाक छान फिरतं, फक्त सेन्सरला काही वाचता येत नाही.

बॅटरीचा दिवाही सोबत लागतो.

चार्जिंग बघा. अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट गेला की व्होल्टेज पडतं आणि मीटरमधले बरेच दिवे एकदम लागतात. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. तिथे बेल्ट तुटला तर चार्जिंगही जातं आणि ब्रेकही दगडासारखा कडक होतो. अशी गाडी पुढे नेऊ नका.

कोणतं ऑइल टाकायचं?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. कोरडं, नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा शिरल्यावर हाच आकडा डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की असं जुनं ऑइल लाइनमध्येच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल रिकामं खाली जातं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं, पातळी ठीक असली तरी. आमच्याकडच्या दमट हवेत याबाबत टाळाटाळ करू नका.

डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र सिलिकॉनचं नसतं, नावावर जाऊ नका. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल किंवा डिझेल चुकून टाकीत गेलं तर गाडी सुरूही करू नका, पेडलही दाबू नका. रबराचे सगळे सील फुगतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. महिनोनमहिने उघडी पडलेली अर्धी बाटली वापरू नका, सीलबंद घ्या.

घाट उतरतानाच दिवा लागला किंवा पेडल खाली गेलं तर?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि एकेक करत गिअर खाली आणा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल मध्ये घ्या. पेडल भराभर पंप करा, दोन-चार दाबांत थोडा दाब जमू शकतो. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढत जा, एकदम ओढला तर मागची चाकं घसरतील. हॉर्न आणि पार्किंग लाइट चालू. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंदही करू नका, बूस्टरची आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाईल. काहीच जमलं नाही तर दरीकडे नाही, डोंगराकडच्या गटाराकडे किंवा कठड्याकडे गाडी टेकवत न्या.

पेट्रोल किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे अजूनही भेटतात. त्यात सगळं ओझं ब्रेकवर येतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक तापून पेडल मऊ लागत असेल तर मोकळ्या जागी थांबून गार होऊ द्या, पण तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. तेव्हापासून दिवा लागतोय.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमधल्या किती गाड्या छतापर्यंत बुडाल्या, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाणी चाकांच्या वर गेलं असेल तर ड्रम उघडून साफ करायला हवेत, आत गाळ बसलेला असतो. टाकीच्या वर पाणी गेलं असेल तर ऑइल पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढून घ्या. सगळे कपलर उघडून वाळवायचे आणि हिरवट गंज दिसला तर पिना बदलायच्या. एबीएसचं मॉड्यूल आज चाललं म्हणजे वाचलं असं नाही, गंज महिन्यांनी काम दाखवतो.

साध्या पावसाळ्यातही गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

इलेक्ट्रिक हँडब्रेक आहे. दिवा लुकलुकतोय.

लुकलुकणं म्हणजे बहुधा मोटर पूर्ण आवळली किंवा पूर्ण सुटली नाही. पायाने ब्रेक धरून बटण एकदा लावून सोडून बघा. थांबलं नाही तर गाडीत नोंदलेले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लागेल. अशा गाडीचे मागचे पॅड सर्व्हिस मोड न लावता बदलू देऊ नका, जोराने ढकललेला पिस्टन मोटर तोडतो.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त स्कॅनर घेऊन दिवा घालवता येईल का?

साध्या ऑइलच्या किंवा हँडब्रेकच्या दिव्याला घालवण्यासारखा कोड बहुतेक नसतोच, तो सरळ स्विचचा दिवा आहे. स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे कोड सी अक्षराने सुरू होतात, उदाहरणार्थ सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. ते वाचणारा स्कॅनर असेल तर उपयोग आहे, दोष शोधायला.

जुनी गाडी बघतोय. दिवा लागतच नाही, म्हणजे ब्रेक चांगले?

चावी ऑन केल्यावर क्षणभरही लागला नाही, तर बल्ब काढलाय, वायर कापलीय किंवा मीटर बिघडलंय. हँडब्रेक ओढा, दिवा लागला पाहिजे. मग बॉनेट उघडून टाकीचा कपलर जागेवर आहे ना बघा. ऑइल चहासारखं गडद असेल तर ते फार दिवस बदललेलं नाही. बाकी गाडी कितीही चकचकीत असो, या दिव्यात छेडछाड केलेली असेल तर मालकाला कारण विचारा आणि पटलं नाही तर दुसरी गाडी बघा.

गॅरेजवाल्याला काय सांगू?

दिवा कधी लागतो: सतत, वळणावर, ब्रेक मारल्यावर की पाऊस पडल्यावर. सोबत दुसरा दिवा आहे का. पेडल बदललंय का. गेल्या काही महिन्यांत कोणी ऑइल टाकलं का आणि किती, कारण हे लपलं तर आम्ही पॅड बघत बसतो आणि गळती राहून जाते. शेवटी पॅड, लायनर किंवा व्हील सिलिंडर जे काही बदललं असेल, ते जुने भाग मागून घ्या आणि स्वतः बघा.